ग्रॅमपासून द्राख्मापर्यंत: प्राचीन ग्रीक नाण्यांच्या वजनांचे रूपांतर कसे करावे

प्राचीन ग्रीक नाण्यांच्या कोणत्याही सूचीत चित्राखाली ग्रॅममधले वजन दिलेले असते: १७.१२, १२.२५, ८.५२. हा आकडा ज्या काळात नाणे पाडले गेले त्या काळच्या परिमाणात कसा मांडायचा, हे या लेखात टप्प्याटप्प्याने सांगितले आहे. त्यातला भागाकार कोणालाही जमण्यासारखा आहे. खरे काम भागाकाराच्या आधीचे आहे, कारण ग्रीक जगात द्राख्मा हे वजनाचे आणि नाण्याचेही नाव सर्वत्र चालत असले तरी त्याचे वजन सर्वत्र एक नव्हते. अथेन्सचा द्राख्मा सुमारे ४.३ ग्रॅमचा, एजिना बेटाचा सुमारे ६.१ ग्रॅमचा आणि कॉरिंथचा सुमारे २.९ ग्रॅमचा होता. त्यामुळे नाणे कोणत्या नगराचे, कोणत्या काळाचे आणि कोणत्या धातूचे हे आधी ठरवावे आणि मगच भागाकाराला हात घालावा. हा क्रम उलटा केला, तर गणित बिनचूक येऊनही उत्तर चुकीचे निघते.

परिमाणांची उतरंड

वजने वेगवेगळी असली तरी त्यांच्यातले प्रमाण बहुतेक ठिकाणी सारखे होते. सहा ओबोलांचा एक द्राख्मा, शंभर द्राख्मांचा एक मिना आणि साठ मिनांचा एक टॅलंट, म्हणजेच एका टॅलंटमध्ये ६००० द्राख्मा. अथेन्समध्ये ओबोलाचे पुढे आठ भाग करत आणि त्या भागाला खाल्कोस म्हणत. मिना आणि टॅलंट ही नाणी कधीच नव्हती. ती केवळ वजनाची आणि हिशेबाची परिमाणे होती. प्रत्यक्ष चलनात द्राख्माच्या पटीतली आणि ओबोलाच्या पटीतली किंवा अंशातली नाणी असत.

अथेन्सच्या, म्हणजे अ‍ॅटिक वजनमानाने पाहिले तर चार द्राख्मांचे टेट्राद्राख्मा नाणे १७.२ ग्रॅमचे, दोन द्राख्मांचे ८.६ ग्रॅमचे, अर्धा द्राख्मा २.१५ ग्रॅमचा, ओबोल ०.७२ ग्रॅमचा, अर्धा ओबोल ०.३६ ग्रॅमचा आणि पाव ओबोल ०.१८ ग्रॅमचा. पाव ओबोलाचे हे चांदीचे नाणे मसुरीच्या डाळीएवढे दिसते आणि तरीही त्यावर छाप उमटवलेला असतो. दुसऱ्या टोकाला दहा द्राख्मांचे दुर्मीळ नाणे ४३ ग्रॅमचे भरते. एक मिना ४३० ग्रॅमचा आणि एक टॅलंट २५.८ किलोचा होतो.

जुन्या पुस्तकांत अ‍ॅटिक द्राख्मासाठी ४.३६ किंवा ४.३७ ग्रॅम असाही आकडा आढळतो. एका नाण्यापुरता हा फरक सातशतांश ग्रॅमचा असतो, पण टॅलंटपर्यंत पोहोचता पोहोचता तो चारशे ग्रॅमच्या वर जातो. माझ्या मते नाण्यांसाठी ४.३ हाच आकडा सोयीचा आहे, कारण प्रत्यक्ष तोललेली चांगली नाणी त्याच्याच आसपास भरतात. मात्र जो आकडा घ्याल तो संपूर्ण कामात एकच ठेवावा आणि नोंदीच्या सुरुवातीला लिहून ठेवावा.

पहिला टप्पा: वजन नीट घेणे

द्राख्मा किंवा त्याहून मोठ्या नाण्यासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरेसा आहे. ओबोल आणि त्याच्या खालच्या नाण्यांसाठी ०.००१ ग्रॅमचा काटा हवा, कारण पाव ओबोलाच्या बाबतीत ०.०१ ग्रॅमची चूक म्हणजे पाच टक्क्यांहून अधिक चूक. काटा सपाट जागी ठेवावा, पंखा बंद करावा आणि प्रत्येक वेळी प्रमाणित वजनाने तपासून घ्यावा. एकच नाणे तीनदा ठेवून पाहावे आणि तिन्ही आकडे जुळले तरच नोंद करावी.

वजन घेण्यासाठी नाणे घासून स्वच्छ करू नये. वर चिकटलेल्या मातीमुळे किंवा क्षारांच्या थरामुळे वजन थोडे जास्त येते, हे खरे. पण घासण्यात मूळ धातू जातो आणि तो परत मिळत नाही. थर जाड असेल तर तसे नोंदीत लिहावे.

जुन्या इंग्रजी सूचींमधली वजने ग्रॅममध्ये नसून ग्रेनमध्ये असतात. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, त्यामुळे सूचीतल्या आकड्याला ०.०६४८ ने गुणावे. २६५ ग्रेन लिहिलेले नाणे १७.१७ ग्रॅमचे ठरते. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या संग्रहाच्या वहीत वजन तोळ्यात लिहिलेले असेल, तर तो तोळा कोणता हे आधी पाहावे. ब्रिटिश काळातला तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६४ ग्रॅमचा होता, तर आज सराफाकडे तोळा म्हटला की १० ग्रॅम धरतात. जुना तोळा अ‍ॅटिक मानाने २.७१ द्राख्मा होतो आणि आजचा २.३३.

दुसरा टप्पा: धातू पाहणे

हे रूपांतर मुख्यतः चांदीच्या नाण्यांसाठी आहे. तांब्याच्या किंवा कांस्याच्या ग्रीक नाण्यांचे मोल त्यांच्या धातूवर ठरत नसे. ते राज्याच्या शब्दावर चालत. त्यामुळे त्यांची वजने सैल असतात आणि त्यांना द्राख्माने भागून काही हाती लागत नाही.

सोन्याच्या नाण्यांचे वजन द्राख्मात मांडता येते, पण वजनाचा द्राख्मा आणि मोलाचा द्राख्मा यांची गल्लत होऊ देऊ नये. अलेक्झांडरचा सोन्याचा स्टेटर (त्या त्या मानातल्या मुख्य नाण्याला स्टेटर म्हणत) ८.६ ग्रॅमचा, म्हणजे वजनाने दोन अ‍ॅटिक द्राख्मांचा होता; सोने चांदीच्या दहापट धरले जात असल्यामुळे त्याची किंमत मात्र वीस चांदीच्या द्राख्मांएवढी होती.

सोने आणि चांदीच्या मिश्रणाची, म्हणजे इलेक्ट्रमची नाणी हा निराळाच वर्ग आहे. पश्चिम आशिया मायनरमधल्या सर्वांत जुन्या नाण्यांचा स्टेटर सुमारे १४.१ ग्रॅमचा आणि त्याचे भाग तिसरा, सहावा, बारावा असे पडत गेले: ४.७, २.३५, १.१८ ग्रॅम. ४.७ ग्रॅमचे इलेक्ट्रम नाणे पाहून त्याला जडसा अ‍ॅटिक द्राख्मा म्हणावेसे वाटते, पण ते १४.१ चा तिसरा हिस्सा असते.

तिसरा टप्पा: वजनमान निवडणे

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्यावा. चांदीच्या नाण्यांसाठी नेहमी लागणारी मुख्य मोजमापे अशी आहेत, आणि सगळे आकडे चांगल्या स्थितीतल्या नाण्यांचे आहेत:

अ‍ॅटिक: टेट्राद्राख्मा १७.२, द्राख्मा ४.३.
एजिना: स्टेटर १२.२, म्हणजे दोन द्राख्मा, द्राख्मा ६.१; ओबोल १.०२.
कॉरिंथ: स्टेटर ८.६, म्हणजे तीन द्राख्मा, द्राख्मा २.९.
दुसऱ्या फिलिपची मॅसिडोनियन चांदी: टेट्राद्राख्मा १४.४, द्राख्मा ३.६.
ऱ्होड्स: टेट्राद्राख्मा सुरुवातीला सुमारे १५.२, पुढे घटून सुमारे १३.५.
इजिप्तचे टॉलेमी राजे: टेट्राद्राख्मा १४.२, द्राख्मा ३.५५.
पर्गमनचे सिस्टोफोर: टेट्राद्राख्मा १२.६, द्राख्मा ३.१५.

या यादीकडे नीट पाहिले की अडचण कुठे आहे ते लक्षात येते. कॉरिंथचा स्टेटर आणि अथेन्सचे दोन द्राख्मांचे नाणे, दोन्ही ८.६ ग्रॅमची आहेत. वजन एकच, पण अथेन्समध्ये त्याचे दोन भाग होत आणि कॉरिंथमध्ये तीन. काट्यावर ८.५२ ग्रॅम आले तर ४.२६ चे दोन द्राख्मा म्हणावेत की २.८४ चे तीन, हे काटा सांगू शकत नाही. ते नाण्यावरचे चित्र सांगते. एका बाजूला पंख असलेला पेगॅसस घोडा, त्याच्या पोटाखाली कोप्पा हे अक्षर आणि दुसऱ्या बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना दिसली, तर नाणे कॉरिंथचे आहे आणि तीननेच भागायचे आहे. ल्यूकास, अँब्रेशिया यांसारख्या कॉरिंथच्या वसाहतींनीही असाच पेगॅसस पाडला. तिथे कोप्पाच्या जागी त्या त्या नगराचे अक्षर असते, पण वजनमान तेच.

१२ ग्रॅमच्या आसपासही अशीच गर्दी आहे. १२.२५ ग्रॅमचे नाणे एजिनाचा पूर्ण स्टेटर असू शकते किंवा झिजलेला सिस्टोफोरही. पहिल्यावर कासव असते, तेही सुरुवातीच्या नाण्यांवर समुद्री आणि इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्यानंतर जमिनीवरचे, ज्याच्या पाठीवरच्या कवचाचे खवले स्पष्ट कोरलेले दिसतात. दुसऱ्यावर टोपलीतून बाहेर येणारा साप असतो. दोन्हींमध्ये जवळजवळ तीन शतकांचे अंतर आहे.

एकाच घराण्यात वजनमान बदलल्याचे ठळक उदाहरण मॅसिडोनियाचे आहे. दुसऱ्या फिलिपने सोन्यासाठी अ‍ॅटिक मान घेतले आणि चांदीसाठी १४.४ ग्रॅमचे स्वतःचे मान ठेवले. त्याचा मुलगा अलेक्झांडर याने चांदीही अ‍ॅटिक मानावर आणली. त्यामुळे सिंहाचे कातडे पांघरलेला हेराक्लीस आणि सिंहासनावर बसलेला झ्यूस असलेल्या अलेक्झांडरच्या नाण्याला ४.३ ने भागावे, तर झ्यूसचे मस्तक आणि घोडेस्वार असलेल्या फिलिपच्या नाण्याला ३.६ ने. फिलिपच्या १४.४ ला ४.३ ने भागले तर ३.३५ असे अर्थहीन उत्तर येते. उत्तर पूर्णांकाच्या किंवा सोप्या अपूर्णांकाच्या जवळ येत नसेल, तर बहुतेक वेळा भाजक चुकलेला असतो.

काळाचाही विचार करावा. अथेन्सने इ.स.पू. दुसऱ्या शतकात पाडलेली नव्या घडणीची घुबडाची टेट्राद्राख्मा नाणी साधारण १६.८ ग्रॅमची भरतात. ती जुन्या, जाड घुबडांपेक्षा पातळ आणि पसरट असतात. त्यांना ४.२ ने भागणे अधिक योग्य.

चौथा टप्पा: भागाकार

भाजक ठरला की ग्रॅममधल्या वजनाला एका द्राख्माच्या वजनाने भागावे. पूर्णांक म्हणजे द्राख्मा. दशांश भागाला ६ ने गुणले की ओबोल मिळतात, आणि ओबोलांच्या दशांश भागाला ८ ने गुणले की खाल्कोस. द्राख्मांची संख्या शंभराच्या वर गेली तर शंभरने भागून मिना वेगळे काढावेत.

समजा ५०० ग्रॅम चांदी अथेन्सच्या मानाने मांडायची आहे. ५०० भागिले ४.३ म्हणजे ११६.२७९. त्यातले १०० द्राख्मा म्हणजे एक मिना, उरले १६ द्राख्मा. ०.२७९ ला ६ ने गुणल्यावर १.६७ येतात, म्हणजे एक ओबोल. ०.६७ ला ८ ने गुणल्यावर ५.४ येतात, म्हणजे पाच खाल्कोस. उत्तर: १ मिना, १६ द्राख्मा, १ ओबोल, ५ खाल्कोस. उलट ताळा करून पाहावा: ४३०, ६८.८, ०.७२ आणि ०.४५ यांची बेरीज ४९९.९७ होते. हीच चांदी एजिनाच्या मानाने ८१.९७ द्राख्मा, म्हणजे जवळजवळ ८२ द्राख्मा भरते.

पाचवा टप्पा: फरक समजून घेणे

एखादे नाणे प्रमाण वजनापेक्षा किती कमी आहे, हे टक्क्यांत काढावे. १७.०५ ग्रॅमचे अ‍ॅटिक टेट्राद्राख्मा ०.९ टक्क्याने कमी आहे आणि तेवढी झीज नित्याची मानावी. १६.२ ग्रॅमचे जवळजवळ सहा टक्क्यांनी कमी आहे. त्याचे कारण शोधायला हवे. कड कापलेली असेल, जमिनीतल्या क्षारांनी चांदी खाल्लेली असेल किंवा आत तांबे आणि वरून चांदीचा पत्रा असेल.

आत तांबे आहे का हे पाण्याने तपासता येते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करावा, नाणे बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही असे लोंबकळत धरावे. काट्यावर जो आकडा येईल तेवढे ग्रॅम पाणी नाण्याने बाजूला सारलेले असते. नाण्याच्या वजनाला त्या आकड्याने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. शुद्ध चांदीचे ते १०.४९ असते आणि तांब्याचे ८.९६. १६.२ ग्रॅमच्या नाण्याने १.५६ ग्रॅम पाणी सारले तर १०.४ येते आणि काळजीचे कारण नाही, १.६५ सारले तर ९.८ येते आणि पोटात तांबे असल्याचा संशय बळावतो. ओबोलावर ही चाचणी ०.०१ च्या काट्याने करू नये, कारण ०.७ ग्रॅमचा ओबोल जेमतेम ०.०७ ग्रॅम पाणी सारतो आणि आकडा एकाने इकडचा तिकडे झाला तरी निष्कर्ष फिरतो.

अथेन्सला स्वतःलाही हा प्रश्न सोडवावा लागला होता. इ.स.पू. ३७५-३७४ च्या एका कायद्यानुसार बाजारात नाणी पारखणारा एक सरकारी गुलाम बसवला जाई, आणि आत तांबे किंवा शिसे असलेले नाणे तो तिथल्या तिथे कापून टाकी.

एकाच नाण्यावरून एखाद्या नगराचे वजनमान ठरवायला जाऊ नये. एकाच प्रकारची बरीच नाणी मिळाली तर ०.०५ ग्रॅमच्या अंतराने त्यांचे गट पाडावेत आणि सर्वाधिक नाणी कोणत्या गटात पडतात ते पाहावे. सरासरी इथे फसवते: झीज वजन फक्त कमी करते, वाढवत नाही, त्यामुळे सरासरी नेहमी मूळ मानाच्या खाली ओढली जाते. लहान नाण्यांत मुळातच जास्त चढउतार असतो, कारण टांकसाळीत प्रत्येक ओबोल वेगळा तोलण्यापेक्षा ठराविक चांदीतून ठराविक संख्येचे ओबोल पाडण्याकडे कल असे.

ग्रंथांतले टॅलंट किलोत आणताना

उलट दिशेचे रूपांतर इतिहास वाचताना लागते. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस लिहितो की डेलियन संघाची, म्हणजे अथेन्सच्या नेतृत्वाखालच्या नगरांच्या संघाची पहिली खंडणी ४६० टॅलंट होती, २५.८ ने गुणल्यावर ती ११,८६८ किलो, म्हणजे जवळजवळ बारा टन चांदी होते. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेसियन युद्धाच्या आरंभी अथेन्सचा नेता पेरिक्लीस याने सांगितलेली ६००० टॅलंटची शिल्लक सुमारे १५५ टन होते, आणि पार्थेनॉनमधल्या अथेनाच्या मूर्तीवरचे ४० टॅलंट सोने १,०३२ किलो. हिशेबाचा अंदाज येण्यासाठी एक जोड लक्षात ठेवावी: २०० माणसांच्या त्रिस्तरी युद्धनौकेवर प्रत्येकाला दिवसाला एक द्राख्मा दिला, तर तीस दिवसांत बरोबर ६००० द्राख्मा, म्हणजे एक टॅलंट लागतो.

मात्र बाजारातला माल मोजताना नाण्यांचे मान लावू नये. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ‘अथेनियन राज्यघटना’ या ग्रंथात अथेन्सचा कायदेकर्ता सोलन याच्याविषयी म्हटले आहे की पूर्वी सत्तर द्राख्मांचा असलेला मिना त्याने शंभरांचा केला. या गुणोत्तराची तज्ज्ञांनी निरनिराळी उपपत्ती लावली आहे, पण एजिनाच्या ६.१ चे सत्तर द्राख्मा ४२७ ग्रॅम होतात आणि अथेन्सच्या ४.३ चे शंभर ४३०, हा मेळ लक्ष वेधून घेतो. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरच्या एका अथेनियन ठरावात तर बाजारचा मिना टांकसाळीच्या १३८ द्राख्मांचा ठरवून त्यावर १२ द्राख्मांची पासंगाची भर घालायला सांगितली आहे. स्टेटरचेही तसेच: अथेन्सच्या बाजारचौकात सापडलेले, सांध्याच्या हाडाचे चिन्ह असलेले स्टेटरचे कांस्य वजन सुमारे ८०० ग्रॅमचे आहे, आठ ग्रॅमचे नाही. मजकूर धान्य, लोकर किंवा मांसाबद्दल असेल तर मिना म्हणजे ४३० ग्रॅम असे गृहीत धरू नये.

हिंदुकुशाच्या अलीकडे

भारतीय वाचकाच्या हाती ग्रीक नाणे येण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे ती इंडो-ग्रीक राजांच्या रूपाने, आणि तिथे ४.३ चा भाजक हमखास घोटाळा करतो. बॅक्ट्रियात ग्रीक राजांनी अ‍ॅटिक मान चालू ठेवले. पण हिंदुकुशाच्या दक्षिणेला, एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीतला मजकूर असलेली जी नाणी पाडली, त्यांचे मान वेगळे होते. मिनँडरचा द्राख्मा सुमारे २.४५ ग्रॅमचा आणि टेट्राद्राख्मा सुमारे ९.८ ग्रॅमचा. २.४ ग्रॅमच्या मिनँडरला ४.३ ने भागले तर साडेतीन ओबोलांच्या आत काहीतरी उत्तर येते. प्रत्यक्षात तो पूर्ण द्राख्मा आहे.

‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर यांचे जुने द्राख्मा अजून चालत असल्याची नोंद आहे. पश्चिम क्षत्रप नहपानाची चांदीची नाणी याच हलक्या मानाच्या वळणावर गेलेली आहेत, त्यांच्यावर ग्रीक अक्षरांचा वापरही आहे, आणि १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथे सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांच्या साठ्यामुळे ती महाराष्ट्रात चांगलीच परिचित आहेत. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला आहे. अशा नाण्याची नोंद करताना त्याला अर्धा अ‍ॅटिक द्राख्मा म्हणू नये. ते त्याच्या स्वतःच्या मानाने द्राख्माच आहे.

नोंद कशी लिहावी

मूळ ग्रॅममधले वजन कधीही गाळू नये आणि पूर्णांकात आणू नये. रूपांतर हे त्याच्या शेजारी लिहावे, त्याच्या जागी नव्हे. वापरलेला भाजक आणि तो निवडण्याचे कारणही सोबत असावे, म्हणजे उद्या नाण्याची ओळख बदलली तरी दुसऱ्याला गणित पुन्हा करता येते. उदाहरणादाखल: ‘चांदी, ८.५२ ग्रॅम, पेगॅसस, खाली कोप्पा, कॉरिंथचे मान, द्राख्मा २.९ धरून २.९४ द्राख्मा, स्टेटर, म्हणजे तीन द्राख्मा, प्रमाण वजन ८.६ धरून ०.९ टक्का कमी. कडा अखंड, मातीचा थर नाही.’